‘ताई, बीन मिळेना’: स्प्रिंगमधलं इंजेक्शन बिघडलं की कुठून बघायचं

गेली अकरा वर्षं मी कोल्हापुरात बसून साखर कारखान्यांची आणि शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या फाउंड्र्यांची सॉफ्टवेअरं लिहिते आणि त्याहून जास्त दुरुस्त करते. एवढ्या काळात एक वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय: ‘ताई, काल चालत होतं, आज बीन मिळेना.’ स्प्रिंग म्हणजे जावात ॲप लिहायचं फ्रेमवर्क. ते स्वतः जे ऑब्जेक्ट बनवून सांभाळतं ती बीन, आणि एका बीनला लागणारं दुसरं बीन बाहेरून आणून देणं म्हणजे इंजेक्शन. वाक्य तेच असतं, दुखणं मात्र दर वेळी वेगळं निघतं. म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

एक. ॲप वरच येत नाही. लॉगच्या शेवटी लिहिलेलं असतं की अमुक टाइपचं बीन सापडलं नाही.

दोन. ॲप वर येत नाही, पण तक्रार उलटी. एक बीन हवं होतं, दोन सापडली.

तीन. ॲप वर येत नाही आणि लॉगमध्ये वर-खाली बाण असलेली एक चौकट येते: बिलाची सर्व्हिस, तिथून वाहतुकीची सर्व्हिस, तिथून परत बिलाची.

चार. ॲप झकास वर येतं. पहिली रिक्वेस्ट आली की नल पॉइंटर, म्हणजे जिथं ऑब्जेक्ट हवा तिथं काहीच नाही.

पाच. सगळं चालतं, एरर कुठंच नाही, पण मध्येच काही फसलं तरी ट्रान्झॅक्शन मागं फिरत नाही. अर्धं बिल टेबलात राहतं.

सहा. सगळं चालतं, एरर कुठंच नाही, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर पडतो.

पहिली तीन लक्षणं बघून पोरं घाबरतात. मला ती आवडतात. ॲप वर आलंच नाही म्हणजे नुकसान शून्य. चूक सकाळी ऑफिसात, चहाचा कप हातात असताना कळली. चौथं लक्षण लाज काढतं. पाचवं-सहावं पैसे घालवतं. कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनतानाच) इंजेक्शन द्यायचं, सेटरमधून (बनल्यावर) की थेट फिल्डवर ‘ऑटोवायर्ड’ ही खूण लावायची, या वादात लोक कोड कसा दिसतो यावर भांडतात. माझ्या लेखी प्रश्न एवढाच आहे, की चूक वरच्या तीनांत पकडायची की खालच्या तीनांत.

आता तपासण्या. आधी फुकटच्या, मग महागड्या. हा क्रम मोडू नका. पाचव्या पायरीचं काम आधी करून दोन दिवस घालवलेले आणि शेवटी पहिल्या पायरीवर सापडलेले लोक मी पाहिलेत. त्यांतली एक मीच.

शेवटचं ‘कॉज्ड बाय’ वाचा (दोन मिनिटं)

तीनशे ओळींचा स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कुठून कुठं गेली त्याची यादी, आला की माणूस पहिली ओळ वाचतो आणि तीच सर्चमध्ये टाकतो. पहिली ओळ बहुतेक वेळा निरुपयोगी असते. कंट्रोलरला सर्व्हिस हवी, सर्व्हिसला रिपॉझिटरी हवी, रिपॉझिटरीला डेटाबेसचं कनेक्शन हवं. कनेक्शनचा पासवर्ड चुकला तर कंट्रोलर म्हणतो ‘माझं अवलंबित्व पुरं झालं नाही’, सर्व्हिसही तेच म्हणते, आणि खरं कारण सगळ्यात तळाशी असतं. कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक गुंडाळलेले एक्सेप्शन. तळाच्या ‘कॉज्ड बाय’ ओळीपर्यंत जा. निम्म्या वेळा प्रकरण बीनचं नसतंच. पोर्ट दुसऱ्यानं धरलेला असतो किंवा डेटाबेस बंद असतो.

स्प्रिंग बूट (स्प्रिंगचं ॲप झटपट उभं करून देणारा भाग) स्वतः एक वर्णन देतं आणि खाली ‘हे करून बघा’ म्हणून सल्लाही देतं. वर्णनावर विश्वास ठेवा, सल्ल्यावर जपून. ‘या टाइपचं बीन डिफाइन करा’ असं वाचून नवी पोरं कॉन्फिग क्लासमध्ये हातानं एक बीन तयार करून मोकळी होतात. ॲप वर येतं. मूळ सर्व्हिस का सापडली नाही हे तसंच राहतं, आणि महिन्याभरानं कुणी मूळ कारण दुरुस्त केलं की एकाची दोन बीन होतात. पहिलं लक्षण जाऊन दुसरं लागतं.

पॅकेज बघा (पाच मिनिटं)

बीन सापडत नाही याचं सर्वांत साधं कारण: स्प्रिंगनं तिकडं बघितलंच नाही. मेन क्लास ज्या पॅकेजमध्ये असतो तिथून खाली, त्याच्या पोटातली पॅकेजं तेवढी स्कॅन होतात. शेजारचं नाही, वरचं नाही. तलाठ्याकडं त्याच्या सज्जातल्याच गावांचं दप्तर असतं ना, तसंच. शेजारच्या सज्जातलं शेत कितीही खरं असलं, त्यात ऊस डोक्याएवढा उभा असला, तरी त्याचा सातबारा इथं मिळायचा नाही.

हे हमखास कधी होतं? मेन क्लास ‘वजन’ नावाच्या पॅकेजात असतो, आणि कुणीतरी नवं मॉड्युल त्याला समांतर ‘बिल’ नावानं काढतं. उपाय दोन. मेन क्लास एक पायरी वर न्या, नाहीतर कोणती पॅकेजं बघायची ते स्पष्ट लिहा. मी पहिला करते. दुसऱ्यात पुढच्या मॉड्युलला परत तीच रड.

इथंच आणखी एक गोष्ट बघून घ्या: क्लासवर सर्व्हिस किंवा कंपोनंट लिहिलंय का, की चुकून फक्त इंटरफेसवर लिहिलंय. हसू नका.

प्रोफाइल बघा (पाच मिनिटं)

‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणणाऱ्याला आधी प्रोफाइल, म्हणजे ॲप कोणत्या ठिकाणच्या सेटिंगवर चालतंय त्याचं नाव, विचारा. ॲप सुरू होताना लॉगच्या वरच्या भागातच कोणतं प्रोफाइल चालू आहे ते छापून येतं. सर्व्हरवर ‘प्रॉड’ हवं तिथं डिफॉल्ट असेल, तर त्या प्रोफाइलला बांधलेली बीन तयारच होत नाहीत. एखादं बीन प्रॉपर्टीच्या अटीवर असेल आणि प्रॉपर्टीच्या नावात एक डॅश इकडचा तिकडं झाला, तरी तेच. डीबगचा पर्याय देऊन ॲप सुरू करा. कोणती अट पुरी झाली आणि कोणती नाही याची लांबलचक यादी स्प्रिंग बूट स्वतः काढून देतं. कंटाळवाणी आहे, पण नाव सर्च करून बघायला मिनिटभर पुरतं.

कुठं ‘न्यू’ मारलंय का ते शोधा (दहा मिनिटं)

चौथं लक्षण, म्हणजे ॲप वर आलं आणि मग नल. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये त्या क्लासच्या नावाआधी ‘न्यू’ शोधा. सापडलंच बघा.

कंटेनरनं, म्हणजे स्प्रिंगच्या बीन बनवणाऱ्या भागानं, जो ऑब्जेक्ट बनवला त्याच्यातच कंटेनर वस्तू भरतो. तुम्ही हातानं बनवलेल्या ऑब्जेक्टची त्याला खबरही नसते. फिल्डवर ऑटोवायर्ड लिहिलेला क्लास ‘न्यू’नं बनवला की सगळी फिल्डं रिकामी, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. हीच गोष्ट स्टॅटिक फिल्डची. स्टॅटिकवर ऑटोवायर्ड लावलं तर स्प्रिंग ते सोडून देतं आणि लॉगमध्ये एक साधी माहितीची ओळ टाकतं. ती ओळ वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

तोच क्लास कन्स्ट्रक्टरमधून घेणारा असता तर? कंसात काही न देता ‘न्यू’ लिहिलं असतं, तर कंपाइलच झालं नसतं. रात्री कारखान्याच्या वजनकाट्यावर दिसणारी चूक दुपारी एडिटरमध्ये लाल रेघ होऊन आली असती. मी कन्स्ट्रक्टरच्या बाजूनं बोलते त्याचं निम्मं कारण हे एवढंच आहे.

जरा इतिहास, कारण जुना कोड वाचताना कामाला येतो. ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ च्या लेखात रूढ केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंग १.० आलं. तेव्हा सगळी जोडणी एक्सएमएलमध्ये व्हायची आणि सेटर जास्त चालायचे. ऑटोवायर्ड स्प्रिंग २.५ बरोबर २००७ मध्ये आलं, आणि फिल्डवर एक शब्द लिहून भागतंय म्हटल्यावर सगळे तिकडं धावले. २०१६ च्या ४.३ पासून क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर काहीही लिहावं लागत नाही. म्हणजे फिल्ड इंजेक्शनचा ‘कमी टायपिंग’ हा एकमेव फायदाही तेव्हाच गेला. तरी सवय जात नाही.

दोन बीन आणि लॉम्बोक (अर्धा तास, पण इथं घाई नको)

दुसरं लक्षण साधं आहे. एका इंटरफेसचे दोन क्लास, कोणता द्यायचा ते स्प्रिंगला कळत नाही. एकावर ‘प्रायमरी’ लावा, किंवा हव्या त्या जागी ‘क्वालिफायर’नं नाव सांगा. इथवर कुणीही सांगेल. खरं दुखणं पुढं आहे, आणि ते सहाव्या लक्षणात जातं.

एका कारखान्यात आधी एकच वजनकाटा सॉफ्टवेअरला जोडलेला होता. काट्याच्या इंडिकेटरवरून सिरियल पोर्टनं आकडा वाचणारा आमचा एक क्लास होता. दुसरा काटा आला तेव्हा दुसरा वाचक क्लास लिहिला, आणि जुनं काही मोडू नये म्हणून पहिल्यावर प्रायमरी लावलं. दुसऱ्या काट्याच्या सर्व्हिसमध्ये एक फायनल फिल्ड, त्याच्यावर क्वालिफायर, त्यात दुसऱ्या काट्याचं नाव. कन्स्ट्रक्टर हातानं लिहिला नव्हता. लॉम्बोकला, म्हणजे असा ठरीव कोड आपोआप लिहिणाऱ्या लायब्ररीला, सांगितलं होतं, तू बनव.

ॲप वर आलं. टेस्ट हिरव्या. मोळीपूजनाला, म्हणजे गाळप हंगाम सुरू व्हायला, चार दिवस होते.

चाचणीसाठी दुसऱ्या काट्यावर भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा केला. इंडिकेटरवर लाल अक्षरांत २१,४८०. स्क्रीनवर शून्य. आम्ही केबल हलवली. पोर्ट बदलला. इंडिकेटर बंद-चालू केला. बॉड रेट बघितला. तासाभरानं पहिल्या काट्यावर कुणीतरी रिकामी जीप घातली, आणि आमच्या स्क्रीनवर १,७४० आलं. काट्यावरचे क्लार्क शांतपणे म्हणाले, “मॅडम, हे त्या काट्याचं वजन दाखवतंय की हो.”

त्यांना जे एका नजरेत दिसलं ते आम्हाला तासभर दिसलं नाही, कारण आम्ही सगळे केबलकडं बघत होतो.

झालं होतं असं. लॉम्बोक फिल्डवरून कन्स्ट्रक्टर बनवतं, पण फिल्डवरचा क्वालिफायर कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर आपोआप नेत नाही. स्प्रिंग बघतं कन्स्ट्रक्टरकडं. तिथं त्याला दिसलं, ‘एक काटावाचक द्या’. कोणता ते लिहिलेलं नाही. मग त्यानं प्रायमरी दिला. नियमानुसार अगदी बरोबर. प्रायमरी नसता तर ॲप वर आलंच नसतं, दुसऱ्या लक्षणावर अडलं असतं, आणि आम्ही पाच मिनिटांत सुटलो असतो. ‘जुनं मोडू नये’ म्हणून लावलेल्या प्रायमरीनंच चूक झाकली.

हंगाम सुरू झाल्यावर हे झालं असतं तर शून्य दिसलं नसतं. पहिल्या काट्यावर कायम कुठली तरी गाडी उभी असती, आणि दुसऱ्या काट्यावरच्या शेतकऱ्याच्या पावतीवर पहिल्याची टनं पडली असती. उसाचं बिल वजनावर. शुगरकेन कंट्रोल ऑर्डर, १९६६ प्रमाणं ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. चुकीचं वजन त्या चौदा दिवसांत बिलात, कपातीत आणि बँकेच्या यादीत जाऊन बसलं असतं. काट्याच्या वजनावरून आधीच गावोगाव किती संशय असतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

उपाय दोन. लॉम्बोकच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॉपी करायच्या ॲनोटेशन’ची ओळ असते, तिथं क्वालिफायरचं पूर्ण नाव घाला आणि क्लीन बिल्ड मारा. ही फाइल प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवा. एका मॉड्युलच्या फोल्डरात ठेवली तर शेजारच्या मॉड्युलला तिचा पत्ता नसतो. दुसरा उपाय, जिथं क्वालिफायर आहे तिथं कन्स्ट्रक्टर हातानं लिहा. सहा ओळी असतात. त्या काट्याच्या सर्व्हिसमध्ये मी दुसरा केला आणि प्रायमरी काढून टाकला. दोन काटे सारख्याच मानाचे आहेत. त्यांतला एक ‘मुख्य’ म्हणणं कोडमध्येही खोटंच होतं.

तपासायचं कसं? आयडीईत तो क्लास डीलॉम्बोक करून, म्हणजे लॉम्बोकनं लिहिलेला कोड उघडा करून, बघा. पॅरामीटरवर क्वालिफायर दिसला पाहिजे. आणि चालू ॲपमध्ये, सर्व्हिस तयार होताना हातात आलेल्या वाचकाच्या क्लासचं नाव लॉगला छापा. एक ओळ. आमच्याकडं ती ओळ असती तर केबल हलवावी लागली नसती.

याच घरातलं आणखी एक. क्वालिफायर नसेल आणि प्रायमरीही नसेल, तर स्प्रिंग पॅरामीटरच्या नावावरून बीनचं नाव जुळवून बघतं. बऱ्याच जुन्या प्रोजेक्टची गाडी या जुळणीवरच चाललेली असते आणि कुणालाच माहीत नसतं. स्प्रिंग ६.१, म्हणजे बूट ३.२ वर गेलात की नावं डीबग माहितीतून वाचायची जुनी सोय गेलेली असते. कंपायलरला ‘पॅरामीटर्स’चा पर्याय द्यावा लागतो. बूटच्या मेव्हन पॅरेंटमध्ये किंवा ग्रेडल प्लगइनमध्ये तो असतोच. तुमच्या कंपनीनं स्वतःचा पॅरेंट बनवला असेल तर नसेल. ‘व्हर्जन वाढवल्यावर अचानक दोन बीन सापडायला लागली’ अशी तक्रार आली, की मी आधी हेच बघते.

गोल फिरणारं अवलंबित्व (अर्धा दिवस)

तिसरं लक्षण, बाणांची चौकट. दोन टेबलांवरचे दोन साहेब: हा म्हणतो आधी त्यांची सही आणा, तो म्हणतो आधी यांची. फाइल तिथंच.

फिल्ड किंवा सेटर इंजेक्शनमध्ये स्प्रिंग यातून वाट काढू शकतं. अर्धवट बनलेला ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या हातात देतं आणि नंतर पुरा करतं. कन्स्ट्रक्टरमध्ये अर्धवट काही नसतं, म्हणून तिथं सरळ अडतं. नोव्हेंबर २०२१ मधल्या बूट २.६ पासून अशी वाट काढणं डिफॉल्टनं बंद आहे. एका प्रॉपर्टीनं परत चालू करता येतं, आणि सर्चमध्ये तेच उत्तर सगळ्यात वर येतं. हंगाम चालू असेल, रात्र असेल आणि ॲप वर यायलाच हवं असेल तर करा, मी नाही म्हणणार नाही. पण त्याच रात्री तिकीट काढून ठेवा. ‘लेझी’ लावणं हाही तसाच तात्पुरता टेकू.

खरा उपाय म्हणजे दोघांना कशासाठी एकमेक लागतात ते बघणं. आमच्या बिलाच्या सर्व्हिसला तोडणी-वाहतुकीची कपात लागायची, आणि कपातीच्या सर्व्हिसला बिलाच्या सर्व्हिसमधून फक्त एक गोष्ट लागायची: त्या गटाचं निव्वळ वजन. तेवढ्यासाठी तिनं अख्खी बिलाची सर्व्हिस धरून ठेवली होती. वजन देणारा तिसरा छोटा क्लास काढला, दोघी त्याच्याकडं बघायला लागल्या, गोल तुटला. दर वेळी इतकं सोपं नसतं, पण ‘नक्की कोणती मेथड लागते’ हा प्रश्न कागदावर लिहिला की बऱ्याचदा उत्तर एक-दोन मेथडचंच निघतं.

ट्रान्झॅक्शन लागत नाही (अर्धा दिवस, डोकं शांत असेल तर)

आधी एक फुकटची तपासणी: एक्सेप्शन कोणतं आहे? स्प्रिंग डिफॉल्टनं रनटाइम एक्सेप्शन आणि एररवरच रोलबॅक करतं. चेक्ड एक्सेप्शन फेकलंत तर कमिट होतं. आणि कुणी ‘ट्राय-कॅच’ लावून एक्सेप्शन आतल्या आतच गिळलं असेल, तर त्यात स्प्रिंगचा काय दोष.

ते ठीक असेल तर प्रॉक्सी. ट्रान्झॅक्शनल लिहिलेल्या सर्व्हिसऐवजी कंटेनर दुसऱ्यांना तिचा प्रॉक्सी, म्हणजे तिच्यापुढं उभा राहणारा बदली ऑब्जेक्ट, देतो. बाहेरून येणारा गेटवरच्या वॉचमनला भेटून आत जातो, वॉचमन वहीत नोंद करतो. आतलाच माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला तर वॉचमनला कुठून कळणार? त्याच क्लासमधल्या एका मेथडनं दुसऱ्या ट्रान्झॅक्शनल मेथडला हाक मारली, की ती नोंद होतच नाही. ती मेथड वेगळ्या बीनमध्ये काढा. स्वतःमध्येच स्वतःला इंजेक्ट करून घेणारा कोड मी बघितलाय, चालतोही. वाचणाऱ्याला मात्र झीट येते.

एक विचित्र प्रकार लक्षात ठेवा. कन्स्ट्रक्टर इंजेक्शन नीट आहे, ‘न्यू’ कुठंही नाही, तरी एकाच मेथडमध्ये सगळी फिल्डं नल. ती मेथड फायनल आहे का बघा. प्रॉक्सी हा तुमच्या क्लासचा सबक्लास असतो आणि बहुतेक वेळा त्याचा कन्स्ट्रक्टर चालवलेलाच नसतो. फायनल मेथड ओव्हरराइड करता येत नाही, त्यामुळं ती खऱ्या ऑब्जेक्टवर न जाता रिकाम्या प्रॉक्सीवरच चालते. यावर माझा एक अख्खा शनिवार गेलाय.

स्कोप (एक दिवस किंवा जास्त)

सहाव्या लक्षणाचं दुसरं कारण. स्प्रिंगमधलं बीन डिफॉल्टनं सिंगलटन असतं. अख्ख्या ॲपला एकच. त्याच्या फिल्डमध्ये चालू रिक्वेस्टची माहिती ठेवणं म्हणजे एसटीच्या सीटवर रुमाल टाकून खाली चहाला जाणं. परत येईपर्यंत रुमाल दुसऱ्याच्या मांडीखाली गेलेला असतो. एकट्या टेस्टरला हे कधीच दिसत नाही. दोन ब्राउझर उघडा, दोन वेगळ्या लॉगिननं एकाच वेळी तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा काढा.

प्रोटोटाइप स्कोपचं (मागेल तेव्हा नवं बनणारं) बीन सिंगलटनमध्ये इंजेक्ट केलं तर ते एकदाच तयार होतं आणि तेच जन्मभर वापरलं जातं. दर वेळी नवं हवं असेल तर ऑब्जेक्ट-प्रोव्हायडर इंजेक्ट करा आणि त्याच्याकडून मागून घ्या. डॉट नेटवाल्यांनाही हेच दुखणं आहे: सिंगलटननं स्कोप्ड सर्व्हिस धरून ठेवायची. तिथं कंटेनर ही चूक पकडतो, पण ती तपासणी डिफॉल्टनं डेव्हलपमेंट एन्व्हायर्न्मेंटमध्येच चालू असते.

मग निवडायचं काय

नव्या कोडमध्ये कन्स्ट्रक्टर. खरोखर ऐच्छिक असेल, म्हणजे नसलं तरी क्लास धड चालतो, तर सेटर. फिल्डवर फक्त टेस्ट क्लासमध्ये. ‘कन्स्ट्रक्टरला बारा पॅरामीटर झाले, घाण दिसतं’ अशी तक्रार येते. बारा अवलंबित्वं फिल्डमध्येही होतीच, फक्त दिसत नव्हती. क्लास तोडा.

सहाशे क्लासचा जुना प्रोजेक्ट एका दमात बदलू नका. ज्या क्लासला हात लावाल तो बदला. एका दमात बदललात तर लपलेले सगळे गोल एकाच सकाळी उघडे पडतील, आणि त्या दिवशी कुणी घरी जेवायला जाणार नाही.

आणि प्रत्येक ठिकाणी स्प्रिंग लागतंच असं नाही. काट्याच्या केबिनमधल्या जुनाट पीसीवर इंडिकेटर वाचणारा आमचा प्रोग्रॅम आहे, त्यात आठ ऑब्जेक्ट. मेन मेथडमध्ये आठ ‘न्यू’ लिहून एकमेकांना दिलेत. हेही इंजेक्शनच आहे, कंटेनर नाही इतकंच. चटकन वर येतो, आणि लाइट गेली-आली तरी क्लार्कला स्प्लॅश स्क्रीनकडं बघत बसावं लागत नाही.

कुठं थांबायचं

वजनं, बिलं, पगार असा चुकीचा डेटा प्रॉडक्शनमध्ये आधीच पडला असेल, तर कोड दुरुस्त करायला बसू नका. ते काम बंद करा, बॅकअप घ्या, डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला आणि हिशेब खात्याला आधी कळवा. दुरुस्त कोड डिप्लॉय केल्यानं जुनी ओळ दुरुस्त होत नाही, उलट कोणत्या वेळेपर्यंतच्या ओळी चुकीच्या हे शोधणं अवघड होतं.

‘अमुक क्लास अमुक क्लासमध्ये बदलता येत नाही’ अशी एरर आली आणि दोन्हीकडं नाव अक्षरशः सारखं असेल, तर तो क्लासलोडरचा, म्हणजे क्लास मेमरीत आणणाऱ्या भागाचा, मामला आहे. जुन्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर एकच जार दोन ठिकाणी पडलेली असते. तो सर्व्हर लावलेल्या माणसाला बोलवा. जार इकडून तिकडं हलवत बसलात तर चालती दुसरी दोन ॲप्सही पडतील.

सोडून गेलेल्या कुणीतरी स्वतःचा बीन-पोस्ट-प्रोसेसर (बीन बनताना त्यात फेरफार करणारा क्लास) लिहून ठेवला असेल, किंवा गोलात पाचाहून जास्त सर्व्हिस असतील, तर आर्किटेक्टला घेऊन बसा. तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे. ते तोडताना कोणतं खातं कशाचं मालक हे ठरवावं लागतं, आणि तो निर्णय एकट्यानं रात्रीत घ्यायचा नसतो.

बाकी दोन तास माझी मर्यादा. दोन तासांत वरच्या पायऱ्या संपल्या आणि सापडलं नाही, तर दुसऱ्याला फोन. मला केलात तर हातात तीन गोष्टी ठेवा: स्प्रिंग बूटचं व्हर्जन, चालू प्रोफाइल, आणि काल ते आज यात काय बदललं. ‘काहीच नाही बदललं’ हे उत्तर मी धरत नाही. आणि रात्री अकरानंतर असेल तर नमस्कार-चमत्कार नको, सगळ्यात तळाचं ‘कॉज्ड बाय’ थेट वाचायला घ्या.